आजचं चिंतन : गीता १७.१५ – "काय झालं?"



काल चौदाव्या श्लोकातलं शारीर तप बघितलं. आज पंधरावा श्लोक, वाङ्मय तप. म्हणजे बोलण्याचं तप. भगवंत इथे बोलण्याला चार अटी घालतात. ऐकणाऱ्याच्या मनात उद्वेग उठू नये, बोलणं खरं असावं, ते प्रिय वाटावं आणि हिताचं असावं. आणि याच श्लोकात शेवटी स्वाध्यायाचा अभ्यासही सांगितलाय.

हा श्लोक मी इंजिनिअरिंगला असताना पाठ केला. तेव्हा वाटलं होतं, सोपा आहे, गोड बोलावं एवढंच. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला बाळ झालं त्या बारा-तेरा दिवसांत हा श्लोक मला पुन्हा शिकावा लागला. ताईची परवानगी घेऊन लिहितोय. तिने एक अट घातली आहे, ती पुढे सांगतो.

ताईच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सगळ्यांचं लक्ष त्या दिवसाकडे लागलेलं. बाळंतपणाला ती माहेरी, कराडला. मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये. फॅमिली ग्रुपवर मावशीचा मेसेज आला, "ताई मोकळी झाली. दोघं सुखरूप." बस्स, एवढंच. मी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या टाइप केलं, "अभिनंदन!! पेढे की बर्फी?" माझ्यापाठोपाठ अजून दहा-बारा जणांनी तेच विचारलं. कुणी राजकुमार की लक्ष्मी म्हणालं, कुणी नुसतंच "काय झालं?"

आपल्याकडे हा प्रश्न जन्मतःच विचारला जातो, कारण त्याआधी विचारायची सोय नाही. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग तपासायला बंदी आहे, आणि ती का आणावी लागली हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे नऊ महिने दाबून ठेवलेली उत्सुकता त्या एका मिनिटात बाहेर येते. पेढे ऑर्डर करायचे की बर्फी, हेसुद्धा त्यावर अडलेलं असतं. (खरं तर हा भेद आता बंद व्हायला हवा. पण तो आजचा विषय नाही.)

दोन तास ग्रुपवर उत्तर नाही. मग दाजींचा फोन. आवाज बसलेला. म्हणाले, "तो मेसेज काढून टाक रे. ती सारखा मोबाईल बघतीय."

झालं होतं असं. बाळंतपणाच्या खोलीत कुणीतरी आधी "मुलगा" म्हणालं. मिनिटभराने दुसऱ्या कुणीतरी नीट बघितलं आणि म्हणालं, "थांबा, सांगू नका, आधी सरांना बघू द्या." ताई शुद्धीत होती. तिने दोन्ही वाक्यं ऐकली. बाळ रडलं छान, वजन दोन किलो आठशे, रंग चांगला. फक्त बाहेरच्या अवयवांवरून मुलगा आहे की मुलगी हे खात्रीने सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाळाला पुण्याला आणलं, कारण लहान मुलांच्या हॉर्मोनचे डॉक्टर इथे होते.

त्या डॉक्टरबाईंचं बोलणं मी शेजारी उभं राहून ऐकलं. त्यांनी आधी बाळाला हातात घेतलं. "किती छान डोळे आहेत हो बाळाचे," म्हणाल्या. मग ताईच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि सांगितलं, की पोटात असताना पहिले साधारण सहा-सात आठवडे प्रत्येक गर्भ या बाबतीत सारखाच असतो, तुम्ही, मी, सगळे. पुढे वाट फुटते आणि हॉर्मोनप्रमाणे बाहेरचे अवयव घडतात. या बाळाच्या बाबतीत ते घडणं थोडं वेगळं झालंय. यात तुमचं खाणंपिणं, ग्रहण, काही काही कारण नाही. मुलगा की मुलगी हे मी आज सांगितलं तर तो अंदाज होईल, आणि अंदाज सांगून मला तुम्हाला फसवायचं नाही. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, गुणसूत्रांची तपासणी करू. काही दिवस लागतील. तोवर आपण सगळे 'बाळ' म्हणू.

मी मनात श्लोक लावून बघितला. उद्वेग? ताई तीन दिवसांत पहिल्यांदा रडायची थांबली. सत्य? एक अक्षर लपवलं नाही, एक अक्षर वाढवलं नाही. प्रिय? डोळ्यांपासून सुरुवात केली. हित? त्या तर पुढच्याच वाक्यात मिठावर आल्या.

मीठ म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळ्या गोष्टीत खरी भीती तिथेच होती. अशी बाळं जन्मतात त्यामागे अनेक कारणं असतात, पण डॉक्टर आधी शोधतात ते एक. मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीमध्ये जन्मजात दोष असतो, साधारण दहा ते पंधरा हजार बाळांत एखाद्याला. त्यात शरीराला मीठ धरून ठेवता येत नाही. बाळ पहिले काही दिवस ठणठणीत दिसतं आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कधीतरी सोडियम खाली येतं, पोटॅशियम वर चढतं, उलट्या, सुस्ती, आणि लक्ष नसेल तर जीव जाऊ शकतो. वेळेत कळलं तर रोजच्या औषधांवर मूल चांगलं वाढतं. पण जन्मल्या दिवशी घेतलेलं रक्त या बाबतीत फसवू शकतं, म्हणून थोडं थांबून बघावं लागतं. डॉक्टरांनी त्या बाळाचं मीठ रोज मोजायचं ठरवलं. आणि आम्ही नातेवाईक वऱ्हांड्यात काय मोजत होतो? पेढे की बर्फी.

त्याच रात्री लोकांना काय सांगायचं यावर बैठक बसली. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, चहा गार होईपर्यंत. दाजी म्हणाले, "मुलगा म्हणून सांगून टाकू, मग बघू पुढं." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तीन रात्री झोप नव्हती माणसाला. पण हे बोलणं प्रिय झालं असतं, सत्य नाही. आणि उद्या उलटं निघालं तर? मग एकदा सांगितलेलं परत घ्यायचं, पेढे खाल्लेल्या दीडशे घरांतून. पहिल्या खोट्याची भरपाई बाळाला करावी लागली असती, आयुष्यभर.

ताईच्या सासूबाई दुसऱ्या टोकाला. सरळ बाई. म्हणाल्या, "लपवायचं कशाला? पाप केलंय का आपण? जे हाय ते सगळ्यांना सांगून मोकळं व्हायचं." ऐकताना मला ते फार पटलं, कारण लाज नसणं ही मोठी गोष्ट आहे. पण दाजी हळूच म्हणाले, "आई, ते बाळ उद्या पंधरा वर्षांचं होईल." आणि सगळे गप्प झालो. जे सांगायचं ते बाळाच्या अंगाबद्दल होतं आणि ते सांगायचं की नाही हे ठरवण्याचा पहिला हक्क बाळाचा. ते अजून दूध ओढायला शिकत होतं. सत्य असलं तरी ते गावभर वाटणं हिताचं नव्हतं.

म्हणजे दोघांच्याही हातात श्लोकातल्या तीन अटी होत्या आणि चौथी सुटलेली होती.

मग तिसरा मार्ग आपोआप निघाला आणि तो त्याहून वाईट होता. कुणी काही बोलायचंच नाही. ग्रुप शांत. फोन बंद. माझ्यासकट सगळ्यांनी ठरवलं की याला समजूतदारपणा म्हणायचं. तीन दिवस कुणीही ताईला फोन केला नाही. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "अरे, माझ्या बाळाला कुणी बघायला पण येईना. वारलंय का ते?"

मंडळी, हा श्लोक परत उघडून बघा. यात मौन नाहीये. मौन पुढच्या श्लोकात आहे, सोळाव्यात, मानस तपात. भगवंतांनी मौन वाणीच्या यादीत घातलं नाही, मनाच्या यादीत घातलं. मला हे इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. वाणीचं तप म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे, बोलणं. मन मात्र गप्प हवं, "मुलगा का मुलगी, मुलगा का मुलगी" असं आत चाललेलं नको. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. तोंडाला कुलूप आणि मनात बाजार.

त्या रात्री ताईने, दाजींनी आणि मी मिळून मेसेज लिहिला. सात-आठ वेळा खोडला असेल. शेवटी गेला तो असा:

"आमच्या घरी बाळ आलंय. वजन दोन किलो आठशे, दूध चांगलं पितंय, केस भरपूर आहेत. काही तपासण्या चालू आहेत म्हणून पुण्यात ठेवलंय. मुलगा की मुलगी हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही, कळलं की आम्हीच कळवू, तोवर तो प्रश्न नको. बाळाला बघायला मात्र जरूर या. ताईला फोन करा, तिला बरं वाटतं."

"अजून सांगितलेलं नाही" हे शंभर टक्के खरं होतं. आमच्या कामात याचा रोज संबंध येतो. डेटाबेसमध्ये एखादी जागा रिकामी असणं आणि तिथे 'नाही' लिहिलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. रिकाम्या जागेत घाईने काहीतरी भरून ठेवलं की पुढे सगळे हिशेब चुकतात. मी स्वतः असे किती फॉर्म बनवलेत, ज्यात स्त्री किंवा पुरुष निवडल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. तेव्हा कधी वाटलं नाही की त्या पानापाशी कुणी अडून बसलं असेल.

मेसेज गेल्यावर अर्ध्या तासात पहिला फोन आला, साताऱ्याच्या आत्याचा. तिने विचारलं, "केस कुणावर गेलेत गं?" ताई हसली. नंतर फोन येतच राहिले.

ज्ञानेश्वर माउली या श्लोकावर बोलताना परिसाचा दृष्टांत देतात. परीस लोखंडाला कुठे कापत नाही, त्याचं वजन घटवत नाही, आणि तरी सोनं करतो. बोलणं असं असावं. आणि दुसरा दृष्टांत पाण्याचा. पाणी दिलेलं असतं झाडाला, पण वाटेवरचं गवतही त्यावर जगतं, तसं एकाला बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं. मेसेज नातेवाइकांसाठी होता, पण ताईने तो स्वतः किती वेळा वाचला असेल! "आमच्या घरी बाळ आलंय" हे वाक्य तोपर्यंत कुणी तिला म्हटलंच नव्हतं.

इथे आपल्या मराठीचे उपकार मानावेसे वाटतात. बाळ नपुंसकलिंगी. ते बाळ. मूल, लेकरू, तान्हुलं, सोनुलं, पिल्लू, सगळी 'ते'. आपल्या आज्यांनी मायेचे जेवढे शब्द केले त्यात मुलगा-मुलगी बघितलंच नाही. पुण्यात डॉक्टरांशी हिंदी-इंग्रजीत बोलणारी कुटुंबं होती, त्यांना प्रत्येक वाक्यात अडखळताना मी बघितलं. आम्ही मात्र "बाळ उठलं का, बाळ प्यायलं का, बाळ किती गोड हसलं" म्हणत दिवस काढले आणि त्यात काही ओढून ताणून नव्हतं. वारीतही तेच नाही का? शेजारी चालणारी बाई असो की बुवा, हाक एकच, माउली. आणि ज्या विठोबासमोर जायचं त्यालाही आपण विठाई म्हणतो.

आता स्वाध्याय. श्लोकात तो वाणीच्या तपात का घातलाय हे मला तेव्हा पटलं. वऱ्हांड्यात एका नातलगाने एक शब्द उच्चारला, तो मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना त्या एका शब्दाखेरीज दुसरा माहीतच नव्हता. कळत नसलं की जीभ जुन्या खड्ड्यात जाते. मग मी रात्री बसून वाचलं. तामिळनाडूत २०१९ साली मद्रास हायकोर्टाच्या निकालानंतर अशा बाळांवर लिंग ठरवण्याच्या शस्त्रक्रिया घाईने करायला सरकारने बंदी घातली, जिवाचा धोका असेल तेवढं सोडून. म्हणजे 'लवकर ठरवून टाका' ही नातेवाइकांचीच नाही, एकेकाळी डॉक्टरांचीही घाई होती. जन्माची नोंद २१ दिवसांत द्यायची असते, पण नाव नंतर घालता येतं, हेही तेव्हाच समजलं, त्यामुळे बारशाची घाई उतरली. अर्थात मी जरा जास्तच वाचलं. डॉक्टरबाईंना रात्री साडेअकराला तीन लिंका पाठवल्या. सकाळी त्या म्हणाल्या, "तुम्ही गीता वाचता ना? तीच वाचा."

एक गोष्ट मात्र मी वाचूनही बोललो नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की जीव मुळात स्त्री नाही, पुरुष नाही, नपुंसकही नाही, जे शरीर घेतो त्याच्याशी जोडला जातो एवढंच. मला ते फार सुंदर वाटलं आणि मावशीला सांगायला मी उठलोसुद्धा. ती बाकावर बसून बाळाची टोपी विणत होती. आधी निळी लोकर आणली होती, मग गुलाबी, आता पिवळी. मी परत बसलो. तिथे उपनिषद सांगणं म्हणजे तिच्या दुःखाला मी माझ्या पाठांतराने उत्तर दिल्यासारखं झालं असतं. त्याआधी एक काका तिला अर्धनारीश्वराचं सांगून गेले होते. ती मान हलवत होती, पण तिचे टाके चुकत होते, ते मला दिसलं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी बाळाने दोनदा उलटी केली. मग तिसऱ्यांदा. आणि मान टाकल्यासारखं झालं. नर्स धावत घेऊन गेली, रक्त काढलं. रिपोर्टला दोन तास. ताई भिंतीला टेकून उभी, बसायला तयार नाही. दाजी जिन्यात. सासूबाई आणि मावशी, ज्यांचं जन्मापासून एकमेकींशी धड बोलणं नव्हतं, एकमेकींचा हात धरून रामरक्षा म्हणत होत्या. मी मोबाईलवर उगाच सोडियमचा आकडा किती असतो ते बघत होतो, १३५ ते १४५, परत परत.

त्या दोन तासांत आमच्यातल्या एकाच्याही मनात 'मुलगा की मुलगी' आलं नाही. नंतर आम्ही एकमेकांना विचारलं, म्हणून सांगतो. सासूबाई म्हणाल्या, "मी देवाला म्हटलं, लेकरू दे. एवढंच म्हटलं."

सोडियम १३७ आलं. दूध जास्त झालं होतं, बाकी काही नाही. दाजी जिन्यात रडले.

पुढे आठवड्याभरात सगळे रिपोर्ट आले. आणि इथे ताईची अट. रिपोर्टमध्ये काय आलं ते मी लिहायचं नाही. ती म्हणाली, "तुझ्या वाचकांना वाचता वाचता विचारावंसं वाटेल, वाटू दे." तुम्हालाही वाटत असेल. मला लिहिताना दहा वेळा वाटलं.

बारसं दीड महिन्याने झालं, कराडला. पाळण्यात पिवळी टोपी. पेढेही होते आणि बर्फीही होती, दोन्ही एकाच ताटात, सासूबाईंनी आणलेली. बाळ आता दहा महिन्यांचं आहे, धरून उभं राहतं आणि माझा चष्मा ओढतं.

हे लिहून ताईला वाचायला पाठवलं होतं. तिने दोन वाक्यं खोडून परत पाठवलं.

उद्या श्लोक सोळावा, मानस तप.

राम कृष्ण हरी.